उलटा कललेला सेन्सर : एका डिटेक्टरची भूमिती तीन प्रोग्रॅममध्ये नेताना

आलेखावरचे ठिपके एका तिरक्या रेषेत बसले होते. रेसिड्युअलच्या आलेखात रेष दिसली की पोटात गोळा येतो. कणाचा मार्ग सेन्सरला जिथे छेदायला हवा ती जागा आणि सेन्सरने त्याला जिथे पाहिलं ती जागा, यांतला फरक शून्याभोवती विखुरलेला असावा. इथे तो सेन्सरच्या मध्याशी शून्य होता, एका कडेला सुमारे ०.७ मिलिमीटर आणि दुसऱ्या कडेला तेवढाच, पण उलट चिन्हाचा. सिलिकॉन सेन्सर मिलिमीटरच्या शतांशांत बोलतो. त्याच्या लेखी पाऊण मिलिमीटर म्हणजे कोसभर.

पहिला संशय साधा होता : सेन्सरवरच्या बारीक संवेदी पट्ट्यांमधलं, म्हणजे स्ट्रिपमधलं, अंतर कोडमध्ये चुकीचं लिहिलं गेलं असणार. फरक कडेकडे समप्रमाणात वाढतोय म्हणजे मोजपट्टीच चुकीची. ते अंतर तीनदा तपासलं. बरोबर होतं.

मूळ दोष स्ट्रिपमध्ये नव्हता. डिटेक्टरचं वर्णन एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात नेताना एक चिन्ह उलटलं होतं आणि त्याआधीच्या आमच्या प्रत्येक तपासणीतून ते सहीसलामत सुटलं होतं. त्याच फाइलमध्ये आणखी दोन चुका निघाल्या होत्या, आणि त्या आधी सापडल्या म्हणूनच आम्ही निर्धास्त झालो होतो.

मांडणी

वस्तू लहानच. इलेक्ट्रॉनच्या शलाकेत (झोतात) ठेवायचं, कणांची ऊर्जा मोजणाऱ्या सँपलिंग कॅलरीमीटरचं एक मोड्यूल : शिशाचे २ मिमी जाडीचे ४० पत्रे, त्यांच्याआड एकेक करून प्लास्टिक सिंटिलेटरच्या (कण गेला की चमकणाऱ्या प्लास्टिकच्या) ४ मिमी जाडीच्या ४० टाइल, सगळ्यांचा आडवा छेद १० सेंमी गुणिले १० सेंमी. खोली २४ सेंमी, त्यात शिसं ८ सेंमी. शिशाची रेडिएशन लेंग्थ (वेगवान इलेक्ट्रॉन किती अंतरात आपली बहुतेक ऊर्जा गमावतो त्याचं माप) ०.५६ सेंमी असते, म्हणजे एकट्या शिशाच्या चौदाहून थोड्या जास्त भरतात. सिंटिलेटरची भर ०.४ सुद्धा नाही.

मोड्यूलच्या पुढे सिलिकॉनचे चार सरळ सेन्सर, आणि त्यांच्या मधोमध पाचवा, चाचणीखालचा : ०.३ मिमी जाडीचा, उभ्या अक्षाभोवती २० अंशांनी कललेला. हा कल मुद्दाम दिलेला असतो. कण तिरका गेला की विद्युतभार शेजारच्या दोन-तीन स्ट्रिपमध्ये वाटला जातो आणि भारकेंद्र काढून जागा जास्त बारकाईने सांगता येते.

एवढ्याशा वस्तूचं वर्णन तीन ठिकाणी लागत होतं. शॉवर (एका कणातून फुटत जाणारा कणांचा वर्षाव) कसा पसरतो आणि टाइलमध्ये किती ऊर्जा पडते हे जिआंट-४ या सिम्युलेशनच्या प्रोग्रॅममध्ये. मोड्यूलमागे किती न्यूट्रॉन निघतात आणि शेजारच्या इलेक्ट्रॉनिक्सला किरणोत्साराची किती मात्रा बसते हे फ्लुका या सिम्युलेशनच्याच दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये. हे काम किरणोत्सार सुरक्षेचे आमचे सहकारी करत. आणि मार्गांची पुनर्रचना व घटनांची (एकेका कणाच्या प्रवासाची) चित्रं रूट या विश्लेषणाच्या प्रोग्रॅममध्ये, त्याच्या टीजिओ या भूमिती-संचावर. तिघांनी आपापली भूमिती आपापल्या हाताने लिहिली होती. दोन वर्षांत मोड्यूलचं डिझाइन दोनदा बदललं, पण प्रत्येक बदल तिन्ही ठिकाणी पोचलाच असं नाही. एका फाइलमध्ये टाइल ३ मिमीची होती, एकीत अॅल्युमिनियमची पेटीच नव्हती. नाव एकच, डिटेक्टर तीन.

मग ठरलं : वर्णन एकदाच लिहायचं, बाकीच्यांनी ते वाचायचं.

एकच वस्तू, तीन व्याकरणं

हे ऐकायला सोपं वाटतं आणि तिथेच फसगत होते. जिआंट-४ मध्ये आधी आकार, मग त्या आकाराला पदार्थ दिला की तार्किक घनभाग, मग तो कुठे व कसा ठेवला हे सांगितलं की भौतिक घनभाग. सगळं घरंदाज : प्रत्येक घनभाग कुणाच्या तरी पोटात, आणि पोरानं आईच्या बाहेर डोकावायचं नाही. टीजिओची रचना जवळपास अशीच, फक्त लांबीचं एकक मिलिमीटरऐवजी सेंटिमीटर.

फ्लुकाचं घराणं वेगळं. तिथे आई-पोर नाही. आधी बॉडी द्यायच्या (आयत, गोल, दंडगोल, अनंत प्रतलं) आणि मग त्यांच्या बेरीज-वजाबाकीतून प्रदेश बांधायचे. अवकाशातला प्रत्येक बिंदू कोणत्या ना कोणत्या प्रदेशात, आणि एकाच प्रदेशात असला पाहिजे. जिआंट-४ मध्ये पेटीत ८० वस्तू ठेवल्या की उरलेली जागा आपोआप हवा होते. फ्लुकामध्ये ती हवाही लिहावी लागते : पेटी उणे हा पत्रा उणे ती टाइल उणे, असं ८० वेळा.

याहून जुनी अडचण फोर्ट्रान या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या जिआंट-३ च्या काळातली. तिथे दोन घनभागांना एकमेकांवर चढू द्यायची सोय होती, त्यासाठी ‘मेनी’ असा शिक्का मारायचा. डिसेंबर १९९८ मध्ये जिआंट-४ ची पहिली आवृत्ती आली तेव्हा ही सोय तिच्यात नव्हती. ज्यांच्या भूमितीत तो शिक्का पसरला होता त्यांना नुसतं भाषांतर पुरेना. काही भाग नव्याने, वजाबाकीचे आकार वापरून, बांधावे लागले.

मोठ्या प्रयोगांनी हा प्रश्न आपापल्या परीने सोडवला आहे. सर्नच्या एलएचसी या कणवेगकावरच्या अॅलिस प्रयोगाने ‘व्हर्च्युअल माँटे कार्लो’ बांधलं : प्रयोगाचं कोड एकदाच लिहायचं आणि आतलं इंजिन जिआंट-३, जिआंट-४ किंवा फ्लुका यांपैकी हवं ते लावायचं. जिआंट-४ आणि टीजिओ यांच्यात भूमितीची ने-आण करायला त्याच परिसरातून व्हीजीएम हे साधन आलं. फ्लुकाला जिआंट-४ च्या भूमितीत चालवणारा फ्लग नावाचा दुवाही होता. अलीकडे सीएमएस आणि एलएचसीबी या तिथल्याच प्रयोगांनी एलएचसीच्या तिसऱ्या रनसाठी डीडी४हेप हा भूमितीवर्णनाचा संच स्वीकारला. त्याच्या पोटात टीजिओच आहे आणि सिम्युलेशनच्या वेळी त्यातून जिआंट-४ ची भूमिती स्मृतीत उभी होते.

आम्ही तिघंचौघं. डीडी४हेप आणणं म्हणजे चहाच्या कपासाठी टाकी बांधणं. म्हणून जीडीएमएल निवडलं : भूमितीसाठीची एक्सएमएल बोली. व्याख्या, पदार्थ, आकार, रचना आणि शेवटी ‘जग कोणतं’ एवढे पाचच भाग. जिआंट-४ ती लिहितंही आणि वाचतंही, रूट ती थेट आयात करतं. ही निवड चुकीची नव्हती. आज पुन्हा वेळ आली तरी तीच करीन.

चूक पुढच्या पायरीवर झाली. जीडीएमएलवरून फ्लुकाची फाइल बनवणारी स्क्रिप्ट आम्ही घरीच लिहिली. पुनर्रचनेच्या कोडला तर ‘फक्त पाच सेन्सरच्या जागा आणि कल’ हवे होते, त्यासाठी रूटची आयात कशाला, म्हणून तिथेही त्याच स्क्रिप्टमधला छोटा वाचक उचलून लावला. पीएचडीच्या विद्यार्थिनीने दोन दिवसांत काम संपवलं आणि मी ते पाहून मान डोलावली. एक्सएमएल फाइल डोळ्यांनी वाचता येते हा तिचा गुण, आणि तोच धोका. वाचता आलं म्हणजे कळलं असं वाटतं.

शिसं गेलं कुठे?

पहिली चूक अर्ध्या तासात सापडली, म्हणून तिच्यावर फार शाई घालवत नाही. जिआंट-४ मध्ये पेटीचा आकार देताना अर्ध्या लांब्या द्यायच्या असतात : १० सेंमीसाठी ५. टीजिओमध्येही तसंच. जीडीएमएलमध्ये मात्र पूर्ण लांबी. फ्लुकाच्या आयताला तर लांबी नकोच असते, त्याला दोन टोकांचे निर्देशांक हवे असतात. आमच्या वाचकाने पूर्ण लांबी घेऊन तिची अर्धी करून ठेवली. लिहिणाऱ्या फंक्शनला ती पूर्णच आहे असं वाटलं, त्याने पुन्हा अर्धी केली.

नशिबाने मोड्यूल बांधताना शिसं आणि टाइल काट्यावर तोलून घेतल्या होत्या. हिशेबाने शिसं ९.०८ किलो आणि टाइल १.६५ किलो, काटाही तेच सांगत होता. फ्लुकाच्या फाइलमधून शिसं निघालं १.१३ किलो. बरोब्बर एक अष्टमांश. तिन्ही दिशांनी निम्मं केलं की आठवा हिस्सा उरतो, त्यामुळे कारण शोधावं लागलंच नाही, आकड्यानेच सांगितलं.

लक्षात ठेवण्यासारखं एवढंच, की या चुकीबद्दल एकाही प्रोग्रॅमने तक्रार केली नाही. जिआंट-४ ची तपासणी पोटातल्या वस्तूच्या पृष्ठभागावर बिंदू टाकून बघते (मुळात १०००) की ते आईच्या बाहेर किंवा भावंडाच्या आत तर पडत नाहीत ना. टीजिओची तपासणीही घुसखोरीच शोधते, आणि तिची मूळची मर्यादा ०.१ सेंमी आहे : मिलिमीटरपेक्षा लहान घुसखोरी ती सांगतच नाही. ०.३ मिमीच्या सेन्सरसाठी ही मर्यादा खाली आणली नाही तर तपासणी करून न केल्यासारखीच. पण मूळ गोष्ट अशी, की वस्तू लहान झाल्या तर कुणी कुणाच्या अंगावर येत नाही. नसलेल्या शिशाबद्दल कोण ओरडणार?

नावांचा घोळही इथेच उरकतो. जिआंट-४ निर्यात करताना प्रत्येक नावाच्या शेवटी स्मृतीतला पत्ता चिकटवतं, म्हणजे दोन सारखी नावं एकमेकांत मिसळत नाहीत. तो पत्ता दर खेपेला वेगळा, त्यामुळे दोन दिवसांच्या फाइली गिटमध्ये (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) ताडून पाहिल्या तर प्रत्येक ओळ बदललेली दिसते. पत्ते न जोडण्याचा पर्याय आहे. मग नावं वेगळी ठेवायची जबाबदारी आपली. आणि फ्लुकात नाव आठ अक्षरांचंच. आमच्या ४० टाइलची लांबलचक नावं आठव्या अक्षराला कापली गेली आणि चाळीसही एकाच नावाच्या झाल्या. याबद्दल मात्र फ्लुकाने लगेच ओरड केली. अशी ओरड करणारी चूक म्हणजे पाहुणा. येते, जेवते, जाते.

‘हे प्लास्टिकच आहे ना?’

वजन जुळलं. मग जिआंट-४ मधून जिआंटिनो सोडले (हा कुणाशीच क्रिया न करणारा काल्पनिक कण, भूमिती चाचपायला वापरतात) आणि फ्लुकामधून त्याच कामाचा ‘रे’. शलाकेच्या दिशेने समांतर किरणांची जाळी टाकली आणि प्रत्येक किरणाच्या वाटेत किती रेडिएशन लेंग्थ येतात त्याची बेरीज दोन्हीकडे काढली. मोड्यूलमध्ये १४.६ च्या आसपास, दोन्हीकडे सारखी, जो बारीक फरक होता तो दुसऱ्या दशांशस्थळीही जेमतेम दिसत होता. आम्ही खूश.

आठवड्याने सुरक्षेचे सहकारी आले. त्यांच्याकडे त्यांची जुनी, हाताने लिहिलेली फ्लुकाची फाइल होती, आणि तिच्याशी ताडता नव्या फाइलमध्ये मोड्यूलमागच्या न्यूट्रॉनचा वर्णपट भलताच कडक येत होता, म्हणजे जास्त ऊर्जेचे न्यूट्रॉन जास्त.

“तुमच्या टाइल नक्की प्लास्टिकच्याच आहेत ना हो?” त्यांनी विचारलं. “मला तर त्या ग्रॅफाइटच्या वाटतायत.”

ते गमतीत बोलले, पण नेमकं बोलले.

सिंटिलेटर म्हणजे पॉलिव्हिनिलटोल्युइन : नऊ कार्बनमागे दहा हायड्रोजन, घनता १.०३२. वजनाने पाहिलं तर हायड्रोजन ८.५ टक्के, कार्बन ९१.५. आमच्या जीडीएमएलमध्ये हे वजनी हिस्से होते. फ्लुकाच्या संयुगाच्या कार्डात मात्र चिन्हाला अर्थ असतो : आकडा धन असेल तर तो अणूंचं प्रमाण, ऋण असेल तर वजनाचं. स्क्रिप्टने ०.०८५ आणि ०.९१५ हे धनच लिहिले. फ्लुकाने ते अणूंचं प्रमाण म्हणून वाचले. दर नऊ कार्बनला दहा हायड्रोजनऐवजी एकसुद्धा पुरता उरला नाही. वजनात हायड्रोजन ८.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आला.

आता याचा परिणाम कुठे दिसतो आणि कुठे नाही, हे पाहण्यासारखं आहे. घनता वेगळी दिलेली, म्हणून वजन जसंच्या तसं. पॉलिव्हिनिलटोल्युइनची रेडिएशन लेंग्थ ४२.५ सेंमी, बिघडलेल्या मिश्रणाची सुमारे ४१.५, पण मोड्यूलमध्ये टाइलचा वाटाच ०.४ च्या आतला, त्यामुळे १४.६ च्या बेरजेत फरक पडतो ०.०१ इतकाही नाही. म्हणजे आम्ही ज्याला ‘दुसऱ्या दशांशस्थळी जेमतेम’ म्हणून सोडून दिलं तोच हा फरक होता! आकडा समोर होता. आम्ही त्याला गोलाईची चूक समजलो.

न्यूट्रॉनला मात्र जगच बदललेलं दिसतं. शलाकेतल्या इलेक्ट्रॉनांमुळे शॉवरमध्ये फोटॉन तयार होतात, त्यांतले १३-१४ एमईव्हीच्या (दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टच्या) आसपासचे फोटॉन शिशाच्या अणुकेंद्राला चांगलेच हलवतात आणि त्यातून काही एमईव्हीचे न्यूट्रॉन सुटतात. हायड्रोजनला धडकलेला न्यूट्रॉन एका टकरीत सरासरी निम्मी ऊर्जा घालवतो. कार्बनला धडकला तर फार तर २८ टक्के, सरासरी १४. हायड्रोजन काढून घेतला तर न्यूट्रॉन मंदावणार कसे? तेच त्यांच्या वर्णपटात दिसत होतं.

दुरुस्ती म्हणजे दोन उणे चिन्हं. पण त्या दिवसापासून वजनाची तपासणी आम्ही मूलद्रव्यागणिक करू लागलो : शिसं किती ग्रॅम, कार्बन किती, हायड्रोजन किती. ती केली असती तर १४१ ग्रॅम हायड्रोजनच्या जागी १३ ग्रॅम दिसले असते, आणि आठवडा वाचला असता.

वीस अंश, पण कुणाचे?

आता ती तिरकी रेष.

शलाका सेन्सरांना काटकोनात येत होती तोपर्यंत सगळं आलबेल होतं. मग सारी मांडणी फिरत्या टेबलावर ३ अंशांनी वळवली, आणि कललेल्या सेन्सरच्या रेसिड्युअलमध्ये रेष उगवली. स्ट्रिपचं अंतर निर्दोष निघाल्यावर विद्यार्थिनीने सुचवलं की टेबल उलट बाजूला, उणे ३ अंशांनी, वळवून बघू. पाहिलं. रेषेचा उतार उलटला.

इथे गाठ सुटली. मोजपट्टी चुकीची असेल तर ती टेबल कसंही वळवा, तेवढीच चुकीची राहील. टेबलाच्या कोनासोबत चिन्ह बदलतंय याचा अर्थ चूक आडव्या जागेत नसून खोलीत आहे : सेन्सरचा बिंदू शलाकेच्या दिशेने जिथे आहे असं कोडला वाटतं, तिथे तो नाही. आणि सेन्सरच्या मध्याशी शून्य, कडांना जास्त म्हणजे कल चुकलाय. आम्ही मागे जाऊन गणित केलं. सेन्सर +२० ऐवजी −२० अंशांनी कललेला धरला तर मध्यापासून २० मिमीवरचा बिंदू शलाकेच्या दिशेने दोन गुणिले २० गुणिले साइन २०, म्हणजे १३.७ मिमी सरकतो. ३ अंश तिरक्या मार्गावर त्याची आडवी चूक होते ०.७२ मिमी. आलेखावरचा आकडा हाच.

चिन्ह कुठे उलटलं? जिआंट-४ मध्ये वस्तू ठेवण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत फिरवण्याचा मॅट्रिक्स आणि सरकवण्याचा सदिश वेगवेगळे द्यायचे. त्या मॅट्रिक्सचा अर्थ असतो ‘अक्षांची चौकट फिरवा’. दुसरीत दोन्ही मिळून एकच रूपांतर द्यायचं. तिथे अर्थ असतो ‘वस्तू फिरवा’. चौकट उजवीकडे फिरवणं म्हणजे वस्तू डावीकडे फिरवणं. एकच २० चा आकडा, पण कुणी फिरायचं यावर उत्तर उलटं. जीडीएमएलमध्ये घनभाग ठेवताना दिलेला कोन पहिल्या अर्थाने घ्यायचा असतो. जिआंट-४ आणि रूट दोघांनाही हे ठाऊक आहे, दोघंही तो बरोबर वाचतात. आमच्या दोन दिवसांच्या वाचकाने तो दुसऱ्या अर्थाने वाचला.

बरं, हे इतके दिवस लपलं कसं? एकेक तपासणी आठवून बघितली तेव्हा वाईट वाटण्याऐवजी कौतुकच वाटलं. वजन : सेन्सर कसाही कलला तरी तेवढंच. मूलद्रव्यं : तीच. समांतर किरणांची बेरीज : ०.३ मिमी भागिले कोसाइन २०, आणि कोसाइनला चिन्हाशी देणंघेणं नाही. घुसखोरी : भोवती हवाच हवा, कुणाला धक्का लागणार? काटकोनातली शलाका : सेन्सरवरचा बिंदू पुढे असो वा मागे, समांतर मार्ग त्याला त्याच आडव्या जागी छेदणार. अलाइनमेंटही (मोजलेल्या विदेवरून सेन्सरच्या नेमक्या जागा ठरवणं) याच शलाकेवर केलेली, त्यामुळे ‘कलाची बारीकसारीक चूक अलाइनमेंट सांभाळून घेईल’ हा भरवसा फुकट होता. त्या विदेत चिन्हाची माहितीच नव्हती. शिवाय अलाइनमेंट अंशाच्या अपूर्णांकांनी सरकते, ४० अंशांची कोलांटी मारत नाही.

एक पुरावा मात्र डोळ्यांसमोर होता. घटनांच्या चित्रांमध्ये सेन्सर रूटच्या आयातीतून येत होता, म्हणजे बरोबर कललेला. आणि त्याच्यावरचे ठिपके पुनर्रचनेच्या कोडमधून, म्हणजे उलट्या कलाने. एकाच प्रोग्रॅमच्या एकाच चित्रात दोन वाचकांची दोन मतं. कडेचे ठिपके सेन्सरला न टेकता हवेत तरंगताना दिसत होते. विद्यार्थिनीने मला ते दाखवलंही होतं. “चित्र काढणाऱ्या कोडचं असेल काहीतरी,” असं मीच म्हणालो होतो. हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही, आणि तीही विसरलेली नसावी.

फ्लुकाच्या फाइलमध्येही सेन्सर उलटाच होता, कारण वाचक तोच. तिथे त्याने काही बिघडलं नाही. ०.३ मिमी सिलिकॉन इकडे कलला काय नि तिकडे कलला काय, मोड्यूलमागच्या न्यूट्रॉनला त्याची दखलही नसते. म्हणजे चुकीची भूमिती आणि बरोबर उत्तर. याची मला जास्त धास्ती वाटते, कारण तीच फाइल उद्या कुणी दुसऱ्या कामाला घेतो.

नंतर काय बदललं

घरचा वाचक काढून टाकला. पुनर्रचनेचं कोड आता सेन्सरच्या जागा टीजिओकडूनच मागतं : स्थानिक बिंदू द्यायचा, जगातला बिंदू घ्यायचा, मधल्या मॅट्रिक्सला हात लावायचा नाही. फ्लुकासाठी पायजीफोरॉमेट्री हे पायथनचं पॅकेज घेतलं; जीडीएमएलवरून फ्लुकाची फाइल बनवणं हे त्याच्या मूळ कामांपैकी एक. फिरवलेल्या वस्तू सपाट प्रदेशांत उलगडणं, हवेच्या प्रदेशातून सगळ्यांना वजा करणं, हे त्यात विचारपूर्वक झालं आहे. आमच्या स्क्रिप्टची ते काम करण्याची लायकी नव्हती.

पॅकेज तयार मिळालं म्हणून तपासणी सुटत नाही. मात्र तिचा रोख बदलला. आधी आम्ही बेरजा ताडत होतो. बेरजेत दोन चुका एकमेकींना खाऊ शकतात, आणि सममित वस्तू तर चूक गिळूनच टाकते. आता तिन्ही प्रोग्रॅमना एकच प्रश्न विचारतो, बिंदूगणिक आणि किरणागणिक. यादृच्छिक बिंदूंची एक यादी कायमची ठेवली आहे : प्रत्येकाने सांगायचं की या बिंदूवर कोणता पदार्थ. सीमेला एक मायक्रोमीटरच्या आत असलेले बिंदू सोडून द्यायचे, कारण पृष्ठभागाची सहनशीलता प्रत्येकाची वेगळी (जिआंट-४ ची मुळात मिलिमीटरचा अब्जांश) आणि तिथे मतभेद होणारच. किरणही आता समांतर नाहीत, वेडेवाकडे आहेत, आणि ताडायची ती रेडिएशन लेंग्थची बेरीज नव्हे तर सीमा ओलांडल्याच्या जागांची यादी : इथे हवा संपली, इथे सिलिकॉन लागलं, इथे सुटलं. उलटा कललेला सेन्सर पहिल्या वेड्यावाकड्या किरणालाच सापडला असता. बेरजेत त्याचा फरक ०.०००१ च्या घरातला. यादीत काही मिलिमीटरचा.

दुसरी भर मला स्वतःला आवडते. आमचा डिटेक्टर फार सरळमार्गी आहे : चौकोनी, सममित, एकाच अक्षाभोवती कललेला. अशा वस्तूवर फिरवण्याची परीक्षा होतच नाही. तीन कोन दिले असतील तर आधी कोणता लावायचा हा प्रश्न एका कोनाच्या वस्तूला पडतच नाही. म्हणून फाइलमध्ये एक खुणेचा ठोकळा घातला : तीन दिशांना १०, २० आणि ३० मिमीच्या तीन असमान बाह्या, मध्यापासून दूर, तिन्ही अक्षांभोवती वेगवेगळ्या कोनांनी फिरवलेला, शिशाचा. चिन्ह उलटलं, क्रम बदलला, आरसा झाला, एकक चुकलं, काहीही झालं तरी हा ठोकळा चुकीच्या जागी सापडतो.

काही गोष्टी फाइलमधून जातच नाहीत आणि त्या हातानेच सांभाळाव्या लागतात. कोणता घनभाग संवेदनशील, हे जीडीएमएलमध्ये जोडटीप म्हणून लिहिता येतं, पण ती टीप वाचून काय करायचं हे प्रत्येक प्रोग्रॅमच्या मर्जीवर. दुय्यम कण किती लहान ऊर्जेपर्यंत जन्माला घालायचे याच्या मर्यादा दोन्हीकडे वेगळ्या भाषेत असतात : जिआंट-४ अंतरात मागतं, फ्लुका ऊर्जेत. ४ मिमीच्या टाइलमधली ऊर्जा यावर हलते. भूमिती तंतोतंत जुळली आणि उत्तरं जुळली नाहीत, तर मी आता आधी इथे बघतो.

खुणेचा ठोकळा तपासणीपुरता होता. प्रत्यक्ष सिम्युलेशनआधी तो वगळायचा, असं ठरलं होतं. महिन्याभराने यांत्रिक विभागातल्या सहकाऱ्याचा निरोप आला. मोड्यूलच्या उजवीकडे हवेत लोंबकळणारा तो शिशाचा वाकडा तुकडा नक्की कशावर टेकवायचा आहे, आणि त्याला कंस बनवायचा तर माप कुठून घ्यायचं?